आमच्या जिल्ह्याचा खेळ कोणता?

वाचकहो, आरंभीच एक साधा प्रश्न विचारतो. परक्या गावी कोणी तुम्हांला विचारले की, ‘तुमच्या जिल्ह्याचा खेळ कोणता?’ तर तुम्ही काय सांगाल? पिकाचे विचारले तर आपण चटकन सांगतो : ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. देवाचे विचारले तर तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडेश्वरी. खेळाचे विचारले की मात्र धाराशिवचा माणूस घुटमळतो. मीही एकदा असाच घुटमळलो होतो. त्या घुटमळण्यातून जो विचार सुरू झाला, तोच आज तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे.

एम.ए.च्या शिक्षणासाठी मी पुण्यास राहिलो, त्याला आता वीस-बावीस वर्षे होऊन गेली. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे होतो. एक कोल्हापूरचा, एक मुंबईच्या परळचा, एक अमरावतीचा आणि चौथा मी. रात्री जेवणे झाली की गप्पा निघत, आणि गप्पा फिरून फिरून खेळावर येत. एके रात्री पैज लागली की, प्रत्येकाने आपापल्या मुलखाचा खेळ सांगायचा आणि तो तिथलाच का, तेही सांगायचे.

कोल्हापूरकराने सुरुवात केली. त्याला फार आठवावे लागले नाही. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, ते १९१२ साली खुले झाले. भोवती उंच बैठक आणि मध्ये खोलगट हौदा अशी त्याची रचना आहे. कुठेही बसा, कुस्ती दिसायचीच. त्या हवेत वाढलेले कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. हे सांगून झाल्यावर गडी म्हणाला, “आणि ऐका, आमच्याकडं फुटबॉल बी तालमीचाच असतोय!” आम्हांला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांच्या तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही तिथल्या नामांकित संघांची नावे. सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठेपेठेत दुसरा विषय नसतो. म्हणजे बाहेरून आलेला खेळही त्या गावाने आपल्या जुन्या घरातच उतरवून घेतला.

परळकराने दोन खेळ सांगितले. एक क्रिकेट आणि दुसरा हुतूतू, म्हणजे कबड्डी. क्रिकेट मुंबईत साहेबाच्या जिमखान्यांतून आले, त्याच्याशी स्पर्धा म्हणून पारशी, हिंदू, मुसलमान यांनी आपापले जिमखाने काढले आणि १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले. त्याच काळात पळवणकर बाळू हे दलित समाजातून आलेले गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि ११४ बळी घेऊन आले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल पुढे हिंदू संघाचे कर्णधार झाले. हे सहज घडले नाही, त्यासाठी भांडावे लागले. कबड्डीची गोष्ट निराळी. कोकणातून गिरणीत कामाला आलेला माणूस खेळ बरोबर घेऊन आला. चाळीपुढची चिमूटभर जागा त्याला पुरली. लालबाग-परळच्या मंडळांनी तो वाढवला आणि शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी त्याला नियमांची व संघटनेची बैठक दिली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोचली, त्यामागे अशी पुष्कळ वर्षे होती.

अमरावतीकराने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव घेतले. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने जर्मनीत जाऊन हुतूतूसारखे देशी खेळ परदेशी पाहुण्यांना करून दाखवले होते.

मग माझी पाळी आली. मी इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा इतिहासाचे काही तरी सांगावे, अशी अपेक्षा होती. मी म्हणालो, “आमच्याकडं तसं काही नाही. आम्ही रेडिओवर क्रिकेट ऐकतो.” तिघे हसले. मीही हसलो. पण झोप लवकर लागली नाही.

वाचकहो, त्या रात्री मी चुकीचे बोललो होतो. आमच्याकडे काही नव्हते असे नाही. आमची नजर नेहमी दुसरीकडे लागलेली होती. ही नजर कुठे कुठे लागत गेली, हे माझ्याच घरातल्या तीन पिढ्यांवरून सांगतो. तुमच्याही घरी थोड्याफार फरकाने हेच आढळेल.

आधी आजोबा. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याच नावावरून धाराशिवाला उस्मानाबाद म्हणत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, तरी हैदराबाद राज्य राहिले आणि आपण त्यातच होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कोर्टकचेरी, नोकरी, वरचे शिक्षण, सगळ्या वाटा तोवर हैदराबादकडे जात. माझे आजोबा १९५० च्या सुमारास तिथे कारकुनी करीत होते. त्यांच्या तोंडी फुटबॉलचे नाव असे. आमच्या गावात कोणी फुटबॉल पाहिलेला नव्हता, पण आजोबा पारावर बसून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाच्या गोष्टी सांगत. हे नुसते म्हाताऱ्याचे कौतुक नव्हते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला. त्याचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे आधी शाळामास्तर होते. पुढे त्यांनीच भारताचा संघ घडवला. तो १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. आजोबा ‘रहीमसाहेब’ म्हणताना आवाज जरा खाली आणीत.

पण राज्याची सीमा बदलली तशी वाट बदलली. १९५६ नंतर आमची पोरे हैदराबादला जाईनाशी झाली आणि आजोबांचा फुटबॉल त्यांच्याबरोबरच संपला.

मग वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची नजर कुस्तीवर. आपल्याकडे जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडायची, दुपारी पोरांच्या नारळा-रेवड्यांवरच्या कुस्त्या लागायच्या आणि दिवस कलला की इनामाच्या. हा खेळ आपल्या मातीत खोल गेलेला आहे, यात शंका नाही. पण चांगला गडी निघाला की त्याचे पुढे काय, हा प्रश्न होता. दूध-बदामाचा खुराक, वस्ताद, राहायला जागा, हे कोरडवाहू शेतीवर कुठून यायचे? आपल्याकडे शाहू महाराज नव्हते. उलट निजामी अमदानीत आखाडा किंवा खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे.

म्हणून आमचा पैलवान कोल्हापूरची वाट धरी. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार असेच कोल्हापुरास गेले आणि गंगावेश तालमीत घडले. १९६९ साली लातूरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा किताब त्यांनीच मिळवला. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा निघाला, तोवर निलंगाही आपल्याच जिल्ह्यात होता. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. ढोकीच्या स्टेशनातून बार्शी लाइनच्या छोट्या गाडीत चढून ते लातूरला गेले होते. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, असे ते अजून सांगतात. “आपला गडी हाय” एवढे एकच वाक्य त्या गाडीत सगळ्यांच्या तोंडी होते म्हणे. आपला खरा, पण घडला कोल्हापुरात. अण्णांच्या अभिमानात ही बारीकशी रुखरुख असते.

आता मी. माझी नजर मुंबईकडे. कारण आमच्या घरात रेडिओ होता. १९९२ सालचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झाला. तिकडची दुपार म्हणजे आपली पहाट. चुलीपाशी शेकत शेकत मी धावसंख्या ऐके आणि शाळेत जाऊन सांगे. मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन रेडिओवर रुजवले ते पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी. त्यांच्यामुळे ‘यष्टी’, ‘क्षेत्ररक्षण’ हे शब्द ज्यांनी मैदान पाहिले नाही त्यांच्याही तोंडी बसले. मला प्रत्येकाची सरासरी पाठ होती. मात्र मोठा सामना डोळ्यांनी मी पाहिलेला नव्हता, आणि पाहायचा तरी कसा? आमच्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वेच आली ती एकविसाव्या शतकात. छोटी गाडी येडशी-ढोकीवरून जाई, धाराशिवाला वळसा घालून.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. रणजी करंडकात आपल्या एका राज्याचे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. जुन्या प्रांतांच्या रेषा राज्य एक झाले तरी खेळात तशाच राहिल्या. विदर्भाने आपला संघ सांभाळला आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकून दाखवला. मराठवाड्याला असा वेगळा संघ नाही. आपण पुण्याच्या संघटनेत मोडतो. तेव्हा मी ज्यांचा अभिमान बाळगीत होतो ते सगळे दूरचे होते. आजोबांचे हैदराबादचे, अण्णांचे कोल्हापूरचे, माझे मुंबई-पुण्याचे. राज्यकर्ता ज्या दिशेला बसतो आणि रस्ता ज्या दिशेला जातो, त्या दिशेला चाहत्याची मान वळते. हा खेळाच्या इतिहासाचा एक साधा नियम आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त मान वळलेली असताना आपल्या अंगणात काय चालले आहे ते दिसत नाही.

माझ्या अंगणात काय चालले होते, ते आता सांगतो. हे सांगणे मला सोपे नाही.

माझी धाकटी बहीण खो-खो खेळायची. नववीत होती. शाळेच्या मागे सारवल्यासारखे चोपून काढलेले मैदान होते. त्यावर दोन लाकडी खांब आणि चुन्याच्या रेघा. संध्याकाळी ती गुडघे सोलून घरी यायची आणि आई हळद लावायची. तिच्या खेळाबद्दल मला एवढेच ठाऊक होते.

जानेवारी १९९८. तिच्या संघाचा धाराशिवाला सामना होता, रविवारी. एसटीने तासाभराचा रस्ता. बाईंनी सांगितले होते की, प्रत्येक मुलीबरोबर घरचे कोणीतरी हवे. अण्णा रानात अडकलेले. ते मला म्हणाले, “तू जा तिच्यासंगं.” तीही म्हणाली, “दादा, चल ना रे. दुपारपर्यंत तर येऊ परत.” पण तो रविवार १८ जानेवारीचा होता. ढाक्याला स्वातंत्र्य चषकाचा शेवटचा सामना, भारताविरुद्ध पाकिस्तान. मी म्हणालो, “उद्या फायनल हाय, मला जमायचं नाही.” आईने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, “मग ऱ्हाऊ दे.” बहीण गेली नाही.

तो सामना तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पाकिस्तानने ३१४ धावा केल्या होत्या. तेवढ्या धावा पाठलागात त्यापूर्वी कोणी केल्या नव्हत्या. सौरव गांगुलीने १२४ केल्या, रॉबिन सिंगने ८२. उजेड कमी होत गेला आणि शेवटी दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने चौकार मारला. आमच्या पारावर माणसे नाचली. मी घरी आलो तो हवेतच. बहीण चुलीपुढे भाकरी करीत होती. तिने विचारले, “जिंकलो का रे?” मी तिला एकेक चेंडू सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले. तिच्या संघाचे काय झाले, हे विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी तिची दहावी आली, खेळ सुटला आणि मग लग्न झाले. भांडण झाले नाही, कोणी कोणाला बोलले नाही. खेडोपाडी मुलींचा खेळ असाच सुटतो, आवाज न करता.

आता खो-खोकडे वळू, कारण आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. हा खेळ मूळचा महाराष्ट्राचा. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी त्याला नियमात बसवले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते नियम तपासून, छापून शाळाशाळांत पोचवले. १९५९-६० साली विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि लगोलग महिलांच्याही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधल्या पट्टीवर आठ गडी एकाआड एक तोंडे करून बसलेले आणि नववा पाठलागावर. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळे मैदान मोकळे. म्हणून एकट्याच्या जोरावर गडी मारता येत नाही. योग्य क्षणी दुसऱ्याच्या पाठीवर हात टेकून ‘खो’ द्यावा लागतो आणि आपण त्याच्या जागी बसावे लागते. आपली जागा दुसऱ्याला देणे हेच या खेळाचे बळ आहे.

हा खेळ आपल्या जिल्ह्यात कसा रुजला, ते पाहा. निजामी काळात हायस्कुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथे पुढे मुख्याध्यापक झाले. पण अशा शाळा किती? जिथे शाळा नाही तिथे शाळेचे मैदान कुठून असणार? १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, गावोगावच्या शाळा त्यांच्या हाती गेल्या, आणि शाळेबरोबर मैदान आले. आता आपल्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात शाळेला काय परवडेल? क्रिकेटला बॅट, चेंडू, पॅड हवेत. कुस्तीला खुराक हवा. हिरवळीच्या मैदानाला पाणी हवे, आणि इथे प्यायला टँकर. खो-खोला दोन खांब, चुना आणि हाक मारणारा एक शिक्षक पुरतो. शिवाय शाळेच्या आवारात, बाईंच्या देखत मुलींना खेळता येते. जत्रेच्या फडात आमच्या मुलींना कधी जागा नव्हती. ती जागा खो-खोने दिली.

कोल्हापूरच्या खेळामागे राजा होता, मुंबईच्या खेळामागे जिमखाना आणि गिरणी. आपल्या खेळामागे शाळामास्तर आहे. आपल्या जिल्ह्याच्या खेळाचा इतिहास हा असा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

त्याचे फळही आले. धाराशिवच्या सारिका काळे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. घरची परिस्थिती इतकी बिकट की कित्येक वर्षे एक वेळच्या जेवणावर काढली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. २०१६ साली गुवाहाटीला बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाली, तीत खो-खो प्रथमच आला. भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे होत्या आणि सुवर्णपदक भारताचे होते. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान दोन दशकांहून अधिक काळाने मिळाला, आणि तो मिळाला आपल्या जिल्ह्याला. त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणी खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखलेल्या आहेत. ज्या घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, त्या घरातली मुलगी पळून पळून अधिकारी होते, ही गोष्ट प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिण्याजोगी आहे.

तो पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मी वर्गात शिकवणारा प्राध्यापक होतो. बातमी वाचली आणि वसतिगृहातली ती रात्र आठवली. ‘आमच्याकडं तसं काही नाही’ असे मी तिथे म्हणालो, तेव्हाही आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांवर मुली पळतच होत्या. त्यांतली एक तर माझ्या घरातच होती.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली असे लिहिताना मला तारीखही सांगाविशी वाटते. अंतिम सामना १९ तारखेला होता, तोही रविवार. मी मुद्दाम बहिणीच्या सासरी गेलो. तिची मुलगी आता खो-खो खेळते. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. संघात आपल्या धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. पुरुषांच्या संघानेही नेपाळलाच ५४-३६ असे नमवले. भाची मला एकेक चाल समजावून सांगत होती : हा साखळी खेळ, ही हुलकावणी, हा खांबावरचा सूर. बहीण मध्येच म्हणाली, “आमच्या वेळी मॅट नव्हतं बाई. मातीच होती.” थोड्या वेळाने तिने मला विचारले, “दादा, त्या दिवशी आपण किती रन काढल्या होत्या रे?” मी लगेच म्हणालो, “तीनशे सोळा.” ती हसली आणि म्हणाली, “आणि आम्ही एका गुणाने हरलो होतो.” सत्तावीस वर्षे तिने तो आकडा जपून ठेवला होता. मला तो त्या दिवशी प्रथम कळला.

वाचकहो, माझे सांगणे असे मुळीच नाही की क्रिकेट ऐकू नका किंवा कुस्ती पाहू नका. कानिटकरचा तो चौकार मला आजही गोड लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरात धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा अण्णांना घेऊन मी गेलो होतो. त्या हंगामात संघटना दोन म्हणून स्पर्धाही दोन झाल्या, पण अण्णांना त्याचे काही नव्हते. ज्या कुस्तीसाठी छोट्या गाडीत लोंबकळत लातूरला जावे लागले, ती आपल्या गावी आली, एवढ्यानेच ते हरखले होते. दूरच्या खेळावर प्रेम करावे, त्याने माणसाचे जग मोठे होते. आजोबांनी कधी मैदानावर चेंडूला पाय लावला नाही, पण रहीमसाहेबांच्या गोष्टींनी आमच्या पाराला हैदराबादेची खिडकी उघडली. मात्र दूरचे पाहताना जवळच्याकडे पाठ होऊ नये.

गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना माझी दोन मागणी आहेत. पहिली इतिहासाची. तुमच्या वर्गातल्या मुलांना घरी पाठवून विचारायला सांगा : आजोबा कोणाचे चाहते होते? आजी काय खेळत होती? गावात तालीम कोणी बांधली, खो-खोचे खांब कोणत्या साली रोवले, पहिला संघ बाहेरगावी कधी गेला, त्यात कोण होते? एका वहीत हे लिहून ठेवा. राजेरजवाड्यांच्या खेळाची नोंद दप्तरांत राहते, शाळामास्तरांच्या खेळाची नोंद आपणच ठेवली तर राहील. आजीला विचारायला विसरू नका. बहुधा तिला आजवर कोणी विचारलेले नसते.

दुसरी मागणी घरच्या माणसांसाठी आहे, ती त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचवावी. मुलींचा संघ तालुक्याला किंवा जिल्ह्याला निघाला आणि बरोबर कोणी हवे असले, तर भावाने, बापाने एक दिवस मोडावा आणि जावे. रेडिओ आता खिशात मावतो, सामना एसटीतही ऐकता येतो. मैदानाच्या कडेला उभे राहून नुसता ‘शाब्बास’ म्हणायला काही खर्च येत नाही. मुलीचा खेळ सुटतो तो बहुतेक वेळा तिच्या पायांतले बळ संपले म्हणून नव्हे. बरोबर जायला कोणी नसते, म्हणून सुटतो.

आणि पुन्हा कधी परक्या गावी कोणी तुम्हांला विचारले की, ‘तुमच्या जिल्ह्याचा खेळ कोणता?’ तर घुटमळू नका. सरळ सांगा, आमचा खेळ खो-खो. तो आमच्या शाळामास्तरांनी रुजवला आणि आमच्या मुलींनी वाढवला.